सुई टेकताना

भिवंडीत सगळं जग येतं आणि गोदामात पडून राहतं. वडप्याच्या हायवेला थोडा वेळ उभं राहिलं, की माणसाला लागतं किती कमी आणि तो मागवतो किती, हे कुठलाही ग्रंथ न उघडता कळतं. तेव्हा अमेरिकेतलं जॅझ शेवटी वडप्याच्या एका गाळ्यात येऊन पडलं, यात नवल नाही. नवल असलंच तर एवढंच, की ते ऐकायला दर रविवारी ठाण्या-डोंबिवलीची माणसं गाड्या काढून यायची आणि न ऐकता परत जायची.

गाळा केसरीनाथ भोईरांचा. पासष्टी उलटलेले, गळ्यात जाड साखळी, पांढऱ्या शर्टाच्या खिशात दोन फोन, पायात बारा महिने चपला, कारण बूट घातले की आपण कुणाच्या तरी लग्नाला निघालोय असं त्यांना वाटतं. आगरी गोदाममालक जसा दिसायला हवा, तसेच दिसतात. त्यांच्याकडे पाहून कुणाला जॅझ आठवणार नाही. त्यांचाही त्याला आक्षेप नाही. तो शब्द त्यांनी स्वतःच साठीच्या सुमारास ऐकला.

वडप्याला भाताची शेतं होती त्या काळात त्यांच्या वडिलांची, लडकूंची, लाउडस्पीकर सर्व्हिस होती. एक मशीन, दोन भोंगे, रेकॉर्ड लावायचा एक चेंजर आणि भोंगा घेऊन ताडावर चढायला स्वतःचा मुलगा, एवढा सगळा संसार. पंचक्रोशीतली हळद लडकूंच्या भोंग्याशिवाय लागत नसे. लडकूंनी मुलाला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, स्पीकरवाल्याला आवड नसते. हळद ज्याच्या घरची, गाणं त्याच्या पसंतीचं. एकच गाणं रात्रभर लावायला सांगितलं तर रात्रभर लावायचं, आणि पहाटेपर्यंत आपल्यालाही ते आवडतंय असा चेहरा ठेवायचा. उलटी झाली तर मांडवामागे जाऊन करायची.

दुसरी गोष्ट हाताची होती. सुई रेकॉर्डवर टेकली की ठप्प असा आवाज होतो, मग थोडी खरखर, मग गाणं. घरात हे चालून जातं. भोंग्यातून मात्र ते ठप्प तीन गावांना ऐकू जायचं. निजलेली पोरं किंचाळत उठायची आणि नवरीकडचे म्हणायचे, स्पीकरवाला कच्चा आहे. म्हणून आवाजाचं बटन आधी पूर्ण बंद करायचं, सुई टेकवायची, ठप्प आणि खरखर मशीनच्या पोटातच जिरू द्यायची, आणि गाणं सुरू होतं न होतं तोच बटन हळूच उघडायचं. चार माणसांत आपण ढेकर देत नाही, तसंच हे. केसरीनाथांचा उजवा हात सुईकडे गेला की डावा आपोआप बटनाकडे जायचा. त्यासाठी त्यांना डोक्याची गरज लागत नसे, आणि पुढे सगळा घोटाळा झाला तो त्यामुळेच.

हायवे रुंदावला, शेतांवर पत्रे चढले, भोंगे माळ्यावर गेले. गाण्याबजावण्याचा वारसा पुतण्याकडे, भावेशकडे गेला. त्याचा डीजे आहे. ट्रकवर स्पीकरची भिंत रचलेली असते, आणि ती वाजायला लागली की नवरीच्या अंगावर वाळलेली हळद आपोआप गळून पडते. केसरीनाथ भाड्यावर जगू लागले. कामधंदा उरला नाही, की माणूस वासावरून भांडू लागतो. त्यांची शेलार गावात एक जागा होती. तिथे भाडेकरूने प्लास्टिक दळायचं मशीन टाकलं होतं आणि त्या घाणीबद्दल शेजाऱ्यांची रोज तक्रार यायची. ते बघायला गेले. जळक्या रबराचा, उंदराच्या मुताचा आणि डाईंगच्या नाल्याचा मिळून जो एक वास होतो, त्याला मराठीत अजून शब्द नाही. शेलारला तो सर्वांना माहीत आहे.

दळायच्या ढिगात काळ्या रेकॉर्डी होत्या. परदेशातल्या घरांमधली अडगळ कंटेनर भरभरून येते, त्यातल्या. कव्हरं फाडून रद्दीत गेलेली, आणि चकत्या मशीनच्या तोंडाशी. त्यांचा चुरा होतो, आणि चुऱ्याचे चपलांचे तळवे. कुणा परदेशी म्हाताऱ्याने जन्मभर पुसून-झटकून जपलेलं संगीत पंधरवड्यात भिवंडीच्या पायात येतं आणि शेणातून चालू लागतं. केसरीनाथांनी भाडेकरूला घाणीबद्दल दोन शब्द सुनावले आणि एक गोणी भरून घरी आणली. तिला जो वास होता त्यामुळे मैनाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, ती महिनाभर घरात घेऊ दिली नाही.

माळ्यावरचा चेंजर उतरला. एकेक चकती लावून केसरीनाथ ऐकू लागले. सुरुवातीला त्यांची तक्रार अशी होती, की यात गाणारंच कुणी नाही. मग हळूहळू तीच गोष्ट बरी वाटू लागली. जन्मभर दुसऱ्यांच्या पसंतीचं वाजवलेल्या माणसाला पहिल्यांदाच असं काही मिळालं होतं, जे लावा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, आणि बंद करा म्हणून सांगणारं घरात एकच माणूस होतं.

त्या गोणीत एक चकती होती. मधला लाल कागद ओलीने सडून गेलेला, त्यामुळे वाजवणारा कोण, कुठला, काही कळायला मार्ग नाही. संथ सॅक्सोफोन, मागे पियानो आणि एक जाड तार तुणतुणावी तसा बास. पण केसरीनाथांची गोष्ट त्याच्या आधीची होती. पहिला सूर निघण्यापूर्वी वाजवणाऱ्याने घेतलेला श्वास रेकॉर्डमध्ये आला होता. आधी अर्धा, मग जरा थांबून पुरता. जणू नको म्हणत होता आणि मग हो म्हणाला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा खोलीत कुणी आलं असं वाटून त्यांनी मागे वळून पाहिलं होतं. लग्नांत त्यांनी सनया आणि क्लॅरिनेट हजारोंनी ऐकल्या होत्या, पण वाजवणाऱ्याला फुप्फुस असतं याचा पुरावा कुठे मिळाला नव्हता. एकटे असले की ते बटन उघडंच ठेवून सुई टेकवत. पब्लिकच नाही, तर मुलाहिजा कुणाचा ठेवायचा? ठप्प, खरखर, अर्धा श्वास, पुरा श्वास. पुढचं संगीत चांगलं होतं, पण त्यांच्या लेखी ते प्रसादासारखं, पूजा आधीच झालेली असे. श्वास दोनदा येतो, हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगायचं कुणाला, हाही प्रश्न होता.

तो प्रश्न ॲडव्होकेट प्रितेशने सोडवला. प्रितेश टेमघरचा, केसरीनाथांचे भाडेकरार करणारा. सह्या घ्यायला आला, रेकॉर्डी पाहिल्या, फोटो काढला आणि कुठल्याशा जॅझरसिकांच्या ग्रुपवर टाकला. पुढच्याच रविवारी ठाण्याहून कानविंदे आले. जाहिरातीच्या कंपनीतून निवृत्त, गळ्यात मे महिन्यातही रुमाल, हातात पांढरे सुती मोजे. मोजे स्वतःच्या रेकॉर्डी धरण्यासाठी. दुसऱ्यांच्या ते उघड्या हाताने धरत. गाळ्याच्या अर्ध्या भागात एका कंपनीच्या गाद्या छतापर्यंत रचलेल्या होत्या, त्यामुळे आवाज घुमत नव्हता. कानविंदे यांनी दोनदा टाळ्या वाजवून पाहिल्या आणि ही जागा देवाने जॅझसाठीच निर्माण केली असल्याचं जाहीर केलं. भाडं कुणाला जातं, हे देवाने ठरवलेलं नसल्यामुळे जागा फुकट मिळाली. त्यांच्याच सल्ल्याने केसरीनाथांनी चांगलं मशीन आणि स्पीकर घेतले. रविवारची मंडळी जमू लागली. दहाबारा जण असत. त्यांत डोंबिवलीच्या क्षितिजा या आर्किटेक्ट बाई होत्या. प्रत्येक रेकॉर्ड तळलेल्या मासळीच्या ताटाशेजारी ठेवून त्या तिचा फोटो काढत. संगीताच्या प्रसारासाठी हे आवश्यक आहे, असं त्यांचं मत होतं.

रीत अशी पडली. आगरी घरात यजमानाचं ताट शेवटी वाढतात, पाव्हण्यांची ढेकर ऐकल्यावर. म्हणून पाव्हण्यांच्या रेकॉर्डी आधी लागत. प्रत्येकाने आपली आवडती आणायची, तिच्याबद्दल बोलायचं आणि मग ती वाजवायची. प्रत्यक्षात ती वाजत असतानाच बोलणं चाले. कोलट्रेनच्या सॅक्सोफोनचा सूर लागला की कानविंदे हात वर करून सांगत, की या दिवशी त्याला दाढदुखी होती आणि ती ऐकू येते. दुसरा कुणी म्हणे, दाढ नव्हे, हिरडी. ड्रमवाल्याचं बायकोशी त्या आठवड्यात बिनसलेलं होतं, हेही त्यांना झांजेवरून कळे. मंकच्या पियानोबद्दल काही बरं बोललं गेलं की क्षितिजाबाई डोळे मिटून घेत आणि लगेच उघडून फोन बघत. नाव, साल, गाव आणि कोणाची रेकॉर्ड किती दुर्मीळ, याचा एकमेकांच्या अंगावर मारा सुरू असायचा, आणि मागे बिचारा कुणीतरी मरून साठ वर्षं झालेला माणूस आपला जीव ओतत बसलेला असायचा. एकदा कानविंदे यांनी आपली एक जुनी रेकॉर्ड मोजे घालून मोठ्या ऐटीत दिली आणि सुरू झाल्यावर सगळ्यांना म्हणाले, बघा, एक खरखर नाही, सायलेंट सरफेस, रेकॉर्ड ठेवावी कशी ते शिका. केसरीनाथांचा डावा हात तेव्हा नुकताच बटनावरून उठला होता. त्यांनी मान डोलावली. स्पीकरवाल्याला आवड नसते, तसं मतही नसतं.

एकच्या ठोक्याला गाळ्यामागच्या घरातून तळणाचा वास येई आणि जॅझची गोडी तिथे संपे. खाऊन झाल्यावर पाय मोडून बसलेल्या माणसाला ऐकण्याची इच्छा नसते, घरी जाऊन निजायची असते. डबे भरून घेऊन मंडळी गाड्यांत बसत. यजमानाच्या रेकॉर्डची पाळी जेवणानंतर असे, म्हणजे ती नसे. पाच-सहा वर्षं केसरीनाथांची लाल कागदाची चकती कोपऱ्यात उभी होती आणि तिच्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं. एकदोनदा त्यांनी विषय काढला. कानविंदे यांनी विचारलं, कुणाची आहे. नाव नाही म्हटल्यावर ते समजावणीच्या सुरात म्हणाले, की नाव कळल्याशिवाय ऐकायचं कसं?

तरीही त्यांनी ते मनाला लावून घेतलं नसतं. पण गेल्या पावसाळ्यात श्वास गेला. एका सकाळी त्यांनी चकती लावली, ठप्प झालं, खरखर झाली आणि थेट सूर आला. श्वास नव्हता. सुई बदलली, चकती धुतली, कान साफ करून आणला. नव्हता. कल्याणच्या कानाच्या डॉक्टरने सांगितलं, की आयुष्यभर भोंग्याखाली निजलात, आता बारीक आवाज आधी जाणार, जाड मागाहून. पण चकतीही झिजते, हे केसरीनाथांना धंद्यामुळे ठाऊक होतं. इतकी वर्षं सुई फिरवल्यावर श्वासाएवढी बारीक गोष्ट खरवडून निघायला वेळ लागत नाही. मग गेलं काय, कान की चकती? कान गेला असेल तर श्वास निदान जगात कुठेतरी आहे. चकती गेली असेल तर तो त्यांनीच रोज थोडा थोडा पुसून टाकला. हे त्यांना कळायला हवं होतं, आणि ते सांगायला दुसऱ्याचा कान लागत होता.

त्यांनी भावेशला ऐकवलं. भावेश म्हणाला, काका, याला बेसच नाय. त्याचे कान काकांच्या आधी गेले होते, फक्त त्याला डॉक्टरने अजून सांगितलं नव्हतं. मैनाबाईंना विचारलं, तर त्या तांदूळ धुता धुता मोरीतूनच म्हणाल्या, हाय हो, हाय. गोळी घेतली का म्हणून त्यांना विचारलं, तरी त्या तसंच हाय म्हणत, आणि गोळी डबीतच सापडे. उरले ते जाणकार. ज्यांना मेलेल्या माणसाची दाढदुखी ऐकू येते, त्यांना श्वास ऐकू यायला काय हरकत होती?

मार्गशीर्ष संपल्यावरचा पहिला रविवार होता, महिनाभर भाज्या खाऊन मंडळींच्या डोळ्यांत एक चमक आली होती. सकाळीच केसरीनाथांनी मैनाबाईंना सांगितलं, की आज माझी रेकॉर्ड झाल्यावर ताटं. मैनाबाईंनी हातातली चिंबोरी खाली ठेवली.

"पावण्यांना वास दावायचा आन् ताट न्हाय? आपल्यात असं कवा झालंय?"

"एक बाजू हाय गं. इतक्यात होते."

"तवर जिताडा गार होतो."

"जिताडा परत तापवता येतो."

"आन् पावणा?" असं म्हणून त्यांनी चिंबोरीची नांगी मोडली. विषय तिथे संपला, पण त्यांनी बारापासूनच तवा ठेवला. कुणावर सूड म्हणून, ते कळलं नाही.

गाळ्यात तळणाचा वास येऊ लागला तसे मायल्सच्या ट्रंपेटबद्दल बोलणारे लोक वाक्यं अर्धवट टाकू लागले. प्रितेश मध्येच उठून आत गेला आणि चवीपुरते म्हणून कागदात चार बोंबील घेऊन आला. ते लगेच संपले. एक वाजला. मंडळी उठायला लागली, तेव्हा केसरीनाथ चकती घेऊन पुढे आले आणि त्या गाळ्यात पहिल्यांदा पाव्हण्यांसमोर आपल्यासाठी काही मागते झाले.

"साहेब, आज माझी एक लावतो," ते कानविंदे यांना म्हणाले. "सुरवातीला वाजवणारा दम घेतो. तेवढा ऐका आन् मला सांगा, येतो का ऐकू. मला हल्ली येत न्हाय."

हे बोलताना त्यांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा झाला होता. पण कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. कानविंदे यांनी चकती मागून घेतली, सडका कागद न्याहाळला आणि ती परत दिली तेव्हा तिच्या काळ्या रेघांवर बोंबलाच्या तेलाचा, तिखटामुळे लालसर झालेला अंगठा स्पष्ट उमटला होता. निवडणुकीत शाई लावतात तसा. केसरीनाथांनी खिशातून मऊ फडकं काढून तो पुसला. एकदा पुसला, मग वास घेऊन परत पुसला. कुणी माफी मागितली नाही. मागायची असते, हे त्यांच्या लक्षात येण्यासाठी आधी तो अंगठा आपला आहे हे लक्षात यायला हवं होतं.

सगळे बसले. कानविंदे यांनी डोळे मिटले. क्षितिजाबाईंनी मिटले आणि एक किलकिला ठेवला. केसरीनाथ मशीनवर वाकले. उजवा हात सुईवर गेला. चकती फिरत होती, सुई खाली आली, टेकली. हायवेवरून एक कंटेनर गेला, आत तव्यावर काहीतरी चर्र झालं, बाकी गाळ्यात चिडीचूप.

आणि त्या शांततेत कानविंदे यांनी एक बोट वर केलं.

"आहाहा," ते म्हणाले. "आला."

"क्लिअर," प्रितेश म्हणाला.

"अंगावर काटा आला, बघा," असं म्हणून क्षितिजाबाईंनी हात पुढे केला. तो त्यांनी दुसऱ्या हातातल्या फोनने टिपूनही घेतला.

"एकच श्वास, पण पोटातून घेतलेला," कानविंदे डोळे न उघडताच सांगू लागले. "दीर्घ. हा वेबस्टरच. दुसऱ्या कुणाची छाती नाही एवढी. शेठ, तुम्ही अगदी निश्चिंत राहा, श्वास आहे. चला, आता बाकीचं जेवताना ऐकू."

एकच श्वास म्हटल्यावर केसरीनाथांनी मान वर केली. मग खाली बघितलं. त्यांचा डावा हात बटनावर होता आणि बटन पूर्ण बंद होतं. समोर माणसं बसलेली पाहून हाताने आपलं काम चोख केलं होतं. लडकूंनी शिकवलेलं, ताडाखाली मुरलेलं. ठप्प, खरखर आणि जे काही असेल ते, सगळं मशीनच्या पोटात गेलं होतं. गाळ्यात रेकॉर्डमधला एक कणही आलेला नव्हता.

"साहेब," ते म्हणाले, "बटन बंद होतं."

सगळे बटनाकडे बघू लागले. एवढ्या वर्षांत त्या गाळ्यात प्रथमच सगळे एकाच गोष्टीकडे लक्ष देत होते. माणसाला अशा वेळी लाज वाटते असा आपला समज असतो. कानविंदे यांनी रुमाल सारखा केला.

"शेठ, कान ट्रेन्ड असला ना, की व्हॉल्यूम लागत नाही."

ते हसत नव्हते. प्रितेशने, पक्षकार खोटं बोलत असताना वकील जशी मान हलवतो, तशी हलवली.

केसरीनाथांनी बटन उघडलं, डावा हात पाठीमागे नेला आणि चकती परत लावली. ठप्प झालं ते थेट गाद्यांपर्यंत गेलं. क्षितिजाबाई दचकून शी म्हणाल्या. दम घ्यायची जी जागा होती, तिथे कानविंदे म्हणाले, हा, हा, सेम, मघाचाच. कुणीतरी विचारलं, कुठला? प्रितेशने मोठ्याने शूः केलं. तेवढ्यात सॅक्सोफोन सुरू झाला होता. मग वाजवणारा वेबस्टर की हॉकिन्स यावरून जुंपली, आणि ते भांडण तसंच उचलून मंडळी आत जेवायला गेली. चकती वाजत राहिली. गाद्यांनी ती शेवटपर्यंत शांतपणे ऐकली.

त्या दिवशीच्या पंगतीबद्दल न लिहिलेलं बरं, पण लिहायला हवं. चिंबोरी खाताना माणूस सुसंस्कृत दिसत नाही हे खरं आहे. तरी काही माणसं त्यात जास्तच उघडी पडतात. कानविंदे नांगी दाढेखाली फोडत, आतलं चोखत, चोखताना निघणाऱ्या आवाजातूनच श्वास हा कलेचा आत्मा कसा, ते मैनाबाईंना सांगत होते. रस्सा त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला होता आणि तिथून तो ते चाटून घेत. मैनाबाईंनी मघाचं सगळं दारातून बघितलेलं होतं. त्या वाढत राहिल्या. आगरी बाई नावडत्या पाव्हण्याला दुप्पट वाढते. त्याला ते कळत नाही.

डबे घेऊन सगळे गेले. टरफलांवर माश्या घोंघावू लागल्या. मैनाबाई ताटं उचलताना नांग्यांच्या ढिगातून एक पांढरा सुती मोजा निघाला. हात पुसून हळदीने पिवळा आणि तेलाने जड झालेला. त्यांनी तो चिमट्याने उचलला आणि बराच वेळ कुठे टाकावा ते न सुचून तसाच धरून उभ्या राहिल्या.

"त्यांना काय ऐकू आलं वो?"

"काय न्हाय," केसरीनाथ म्हणाले.

"मंग हाय कशापायी म्हनले?"

"भूक लागलेली." मग मोज्याकडे बघत म्हणाले, "तू बी हायच म्हनतेस."

मैनाबाईंनी मोजा चुलीत टाकला. साबणाने हात धुतले, पदराला पुसले आणि येऊन गाळ्यातल्या खुर्चीवर बसल्या. त्या खुर्चीवर त्या आधी कधी बसल्या नव्हत्या.

"लावा," त्या म्हणाल्या.

मैनाबाई धवलारीण आहेत. आगऱ्यांच्यात लग्न लावायला धवले, म्हणजे लग्नाची जुनी गाणी, म्हणणाऱ्या बायका बोलावतात, त्यांतल्या. धवला मध्ये तुटलेला चालत नाही, म्हणून दोघी म्हणतात. एकीने ओढायचं, दुसरीने दम घ्यायचा, आणि तो कुणाला कळू द्यायचा नाही. घरात हे सर्वांना माहीत होतं. केसरीनाथांनाही होतं, पण ते आणि सॅक्सोफोन यांचा काही संबंध असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

त्यांनी बटन उघडं ठेवून सुई टेकवली. स्वतः ऐकायच्या भरीला पडले नाहीत. बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. ठप्प झालं. मैनाबाईंच्या कपाळाला आठी पडली, मग ती सुटली.

"हाय," त्या म्हणाल्या.

हाय तर त्या गोळीलाही म्हणत. मग मैनाबाईंनी स्वतःच दम घेऊन दाखवला. आधी अर्धा. जरा थांबल्या. मग पुरता.

"आधी चोरून घेतो. मंग सगला घेतो. धवल्याला आमी घेतो तसा."

दोनदा. हे त्यांना कुणीही सांगितलेलं नव्हतं. केसरीनाथांनी सुई उचलली, चकती फडक्यात गुंडाळली.

"म्हंजे रेकॉर्ड चांगली हाय," ते म्हणाले.

"हाय," मैनाबाई म्हणाल्या, आणि नवऱ्याच्या कानाकडे एकदा बघून टरफलं भरायला उठल्या.

पुढच्या रविवारी मंडळी आली, काही न झाल्यासारखी. अशी माणसं येतातच. कानविंदे नवे मोजे घालून आले होते आणि त्यांनी आपली तीच जुनी, एक खरखर नसलेली रेकॉर्ड दिली. केसरीनाथांनी ती उजव्या हाताने लावली. डावा हात त्यांनी खिशात घातला होता. ठप्प झालं आणि मग तव्यावर सुकी कोलीम, म्हणजे जवळा, परतावी तशी खरखर सुरू झाली. सूर आला, तरी खरखर कानविंदे यांच्या कानातून जाईना. त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांच्या घराचा संडास उघडा टाकला.

"हे काय आहे?"

"तुमचीच हाय साहेब. अशीच वाजते."

"इतकी वर्षं तर..."

"इतकी वर्षं मी बटन बंद करत होतो."

हे केसरीनाथांनी रागाने म्हटलं नाही. भाडेकरूला पाण्याची वेळ सांगावी तसं सांगितलं. त्यानंतर प्रत्येकाची रेकॉर्ड आपल्या खऱ्या आवाजात वाजली, आणि एकाचीही कुणाला सहन झाली नाही. त्या दिवशी एक वाजण्याची कुणी वाट पाहिली नाही. जेवण मात्र झालं.

आठवड्याभरात ग्रुपवर कानविंदे यांचा लांबलचक मजकूर आला. भिवंडीच्या धुळीने रेकॉर्डींचं अपरिमित नुकसान झालं असून, एका पर्वाचा अंत होत असला तरी रसिकांनी खचू नये, ठाण्यातल्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये सुईच नसलेलं मशीन उपलब्ध आहे. क्षितिजाबाईंनी त्याखाली अंगावर काटा आलेल्या हाताचा फोटो टाकला. नीट पाहिलं तर त्यावर काटा नाही. प्रितेशने विचारलं, चिंबोरीचा मसाला विकत मिळेल का.

गाळ्याचा उरलेला भाग गादीवाल्यांनी घेतला. केसरीनाथांनी एका कोपऱ्यात मशीन आणि दोन खुर्च्या राखून ठेवल्या आहेत. रविवारी सकाळी ते बटन उघडं ठेवून सुई टेकवतात आणि मैनाबाईंकडे बघतात. त्यांनी अर्धा आणि मग पुरा दम घेतला, की ते समजतात, झालं. मग मैनाबाई उठून भांड्यांना जातात. पुढचं त्यांना अजिबात आवडत नाही. त्यात गाणारंच कुणी नाही.